रेडिओ खाचरचे त्रेचाळीस पाहुणे

भाजे, ता. मावळ
२२ नोव्हेंबर २०२५

प्रिय निवृत्ती,

सप्रेम जय भीम.

तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितोय. फोन वाजतोय, त्यावर माझं नाव दिसतंय आणि तू त्याच्याकडे बघत तसाच बसला आहेस, हे मला भाज्यात बसून दिसतं. पत्राचं तसं होणार नाही. तहसील कचेरीत चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळलेला माणूस आलेला कागद न वाचता ठेवूच शकत नाही. तू हे फोडणार, चष्मा लावणार आणि पहिल्या ओळीपासून चुका काढायला बसणार. काढ. फक्त शेवटपर्यंत वाच. पत्र लांबेल, कारण सांगायचं पुष्कळ साठलंय आणि मुद्द्यावर यायला मला उशीर लागतो. रेल्वेत असताना मी गाडीला वेळेवर झेंडी दाखवायचो, पण स्वतः कधी वेळेवर पोचलो नाही.

तू जूनमध्ये लेकाकडे, श्रीयशकडे तळेगावला गेलास, त्याला साडेपाच महिने झाले. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, पण भात कापून खळ्यावर आला, तेवढं सोडलं तर ठीक असं काही नाही. आपला रेडिओ खाचर बंद पडायच्या वाटेवर आहे. पाच डिसेंबरला पुण्यात परवान्याच्या समितीपुढे शेवटची सुनावणी आहे. तिथं आमच्या विरुद्ध गेलं तर परवाना जाईल, आणि भाताच्या गिरणीवरची ती खोली, आक्काबाईनं आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लावलेल्या वाकळांसकट, पुन्हा रिकामी पोती ठेवायला मोकळी होईल. माझं काय, मी म्हातारा माणूस, घरी बसून बायकोचं डोकं खाईन. पण अमृतानं सात वर्षं त्या खोलीत घातली आहेत. तिच्याबरोबरच्या मुली कंपनीच्या गाडीनं कामाला जातात आणि ही पोरगी हातात पक्कड घेऊन छपरावरच्या खांबावर चढते. रेडिओ गेला तर तिनं काय करायचं, हे तिलाही माहीत नाही आणि मलाही नाही.

नोटीस ऑगस्टमध्ये आली. आपल्यासारख्या लहान रेडिओनं बातम्या द्यायच्या नाहीत, हा नियम तुला तोंडपाठ आहे. परवान्याचा अर्ज तूच लिहिला होतास आणि नियमांची पानंच्या पानं आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवली होतीस. शेतीचं सांगा, हवामान सांगा, ओव्या लावा, लसीकरणाची तारीख सांगा, बातमी तेवढी सांगू नका. ठीक आहे. पण आक्काबाईला हे कोण समजावणार? सत्तरी ओलांडली तरी दर मंगळवारी ती बायकांचा कार्यक्रम चालवते, आणि बातमी कुठं संपते नि गाऱ्हाणं कुठं सुरू होतं, याचं तिला सोयरसुतक नाही. मे महिन्यात तिनं हातपंपावर जाऊन दहा-बारा बायकांना बोलतं केलं आणि शेवटी स्वतःच माईकमध्ये म्हणाली, "आमच्या नळाला दिसाआड पानी, आन् वर टेकडीवं बंगल्यात मान्सं हौदात पवत्यात. ते पानी कुटनं येतं, मला कुनी येवडंच सांगा." एवढंच. पुढं तिनं भलरीचं गाणंही लावलं. पण बंगलेवाल्यांचे हात लांब, त्यांनी कुणाला तरी फोन केला, त्या कुणीतरी आणखी कुणाला केला, आणि आमच्या दारात नोटीस येऊन पडली. पहिला मुद्दा, परवान्याच्या अटी मोडून बातमी प्रसारित केली. नोटिशीत दुसराही मुद्दा होता. त्याचं मी पुढं सांगतो.

अमृता दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी तिनं जगाला पत्र लिहिलं. जगाला म्हणजे खरोखरच जगाला. ठिकठिकाणच्या गावरेडिओंची मिळून एक संघटना आहे म्हणे. कुणाच्या सरकारनं कुणाचा गळा धरला की बाकीचे सगळे ओरडायचं, असा तिचा धंदा. मी अमृताला म्हटलं, बाई, आपल्याला वडगावात कुणी विचारत नाही, नॉर्वेत कोण विचारणार? पंधरा दिवसांत मला माझे शब्द गिळावे लागले. त्यांनी आपल्या नावाची मोहीमच उघडली. 'खाचरासोबत उभे राहा' असं काहीसं तिचं इंग्रजी नाव आहे. आक्काबाईला ते पटलं नाही. तिचं म्हणणं, खाचरात उभं राहून काय उपेग, वाकलं तर काम व्हईल.

मग त्यांच्या एकेक मागण्या यायला लागल्या. पहिली मागणी, रेडिओवरच्या सगळ्यांनी तोंडाला काळी पट्टी बांधून फोटो पाठवा. आक्काबाईनं मिश्री लावली होती, ती थुंकायला उठली नाही, त्यामुळे तिच्या फोटोत पट्टीला एका बाजूनं डाग आहे. परदेशात तो फोटो फार गाजला, त्यांना वाटलं बाईला मारहाण झाली. माझा फोटो आमच्या घरी मंडळींनी मोठा करून, चौकट लावून दर्शनी भिंतीवर टांगलाय. अडतीस वर्षांच्या संसारात मी गप्प बसल्याचा तेवढाच पुरावा आहे, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

नंतर कॉम्प्युटरवर समोरासमोर बैठक झाली. पडद्यावर सोळा चौकटी, प्रत्येकीत एकेक गोरा, काळा, गव्हाळ चेहरा, आणि मध्ये आम्ही तिघं एकाच खुर्चीभोवती. त्यांच्यातल्या एका बाईनं फार आपुलकीनं विचारलं की तुम्हाला तिथं सुरक्षित वाटतं का? अमृता उत्तर जुळवत होती, तेवढ्यात आक्काबाई पुढं सरली आणि म्हणाली, "कसलं आलंय! लेण्याच्या अंगाला बिबट्या हाय. परवा कैलासचं करडू नेलं." अमृतानं जे आहे ते इंग्रजीत सांगितलं, ती खोटं बोलत नाही. पुढच्या आठवड्यात त्यांचा अहवाल आला. त्यात रेडिओ खाचरसमोरच्या धोक्यांची यादी होती. एक, सरकारी नोटीस. दोन, पाणी पळवणारे बंगलेवाले. तीन, बिबट्या.

हसू नकोस. म्हणजे हस, मीही हसलो होतो. पण त्यांच्याकडून बोललेले निरोपही यायचे, ते आम्ही ऐकत बसायचो. बोलिव्हियातल्या डोंगरातली एक बाई तिच्या भाषेत पाच मिनिटं बोलली. आम्हाला अक्षरही कळलं नाही, पण तिच्यामागं कोंबडा आरवला तेव्हा आक्काबाईनं मान डोलावली. आणि एक म्हातारा होता, कुठल्याशा बेटावरचा कोळी. त्यांचाही रेडिओ मध्यंतरी बंद केला होता. अमृतानं मला त्याचं बोलणं मराठीत करून सांगितलं. म्हणाला, बंदीचे अकरा दिवस मी रोज पहाटे खोलीत जाऊन बंद माईकसमोर भरती-ओहोटीच्या वेळा वाचायचो, कारण त्या वाचल्याशिवाय माझा दिवस उजाडायचाच नाही. निवृत्ती, मी त्या माणसाला ओळखत नाही, त्याचं बेट नकाशात दाखवता येणार नाही, पण मला रडू आलं. अमृता बघत होती तरी आलं. आपलं दुखणं आणखी कुणाला तरी तंतोतंत माहीत आहे, याची मला सवय नव्हती.

आता मी केलेला घोटाळा सांगतो. तुझ्या कानावर आला असेलच, पण तळेगावला पोचेपर्यंत त्याला किती फाटे फुटले असतील कोण जाणे, म्हणून मूळ प्रत पाठवतोय. ऑक्टोबरात गौरव पोस्टमन एक पिशवी घेऊन आला. त्यात जगभरातून आलेली त्रेचाळीस पोस्टकार्डं होती. कुणावर बर्फ, कुणावर पवनचक्की, कुणावर नुसतीच गाय. मागं आमच्यासाठी चार ओळी आणि खाली नाव. इतक्या लोकांनी खर्च करून, तिकीट लावून लिहिलं, त्यांची नावं रेडिओवर घेणं आलंच. आणि माझ्याकडे कार्यक्रम कुठला, तर सकाळी आठचा 'पाहुणे आले'. कुणाकडे जावई आला, कुणाकडे मुंबईची बहीण आली, हे मी रोज सांगतो, म्हणजे ज्याला भेटायचं तो जाऊन भेटतो, आणि ज्याच्याकडे दुभतं नाही त्याच्याकडे शेजारीण तांब्याभर दूध पोचवते. ज्या पाहुण्याचं घर सांगितलं नाही तो सगळ्या गावाचा, हाही आपलाच रिवाज. हे सगळं मला ठाऊक असून बारा तारखेच्या रविवारी मी छातीठोकपणे वाचलं, "आज आपल्याकडं नॉर्वेहून इंग्रिडबाई, सेनेगलहून मामादूभाऊ, कॅनडाहून रॉबर्टभाऊ आणि त्यांच्या मिसेस," असे एकूण त्रेचाळीस जण. घर कुणाचंच सांगितलं नाही. कार्डं आली आहेत, माणसं नाहीत, हे सांगायचं राहिलं. मी आठ पंचवीसला माईक बंद करून घरी गेलो, आंघोळ केली आणि थोडा आडवा झालो.

उठलो तेव्हा विहारासमोर मांडव पडला होता. तीन चुली पेटलेल्या, इंद्रायणीच्या भाताचा वास थेट भाताच्या गिरणीपर्यंत. गावठी कोंबडीचा रस्सा, आणि परदेशी माणसांना तिखट सोसत नाही असं बायकांनी ठरवून एका पातेल्यात वेगळा, कमी तिखटाचा. तो मी चाखला, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. कार्ल्याहून दोन टेम्पो आले होते. मळवली स्टेशनवर रिक्षावाल्यांनी रिक्षा रांगेत लावल्या होत्या आणि लेझीमवाले प्लॅटफॉर्मवर उभे. मी धावत स्टेशनवर गेलो, खुलासा करावा म्हणून. तेवढ्यात लोकल आली. तिच्यातून पाठीवर पिशव्या, डोक्यावर टोप्या आणि काळे चष्मे अशा थाटात एक नवरा-बायको उतरले. लोहगडाला निघाले होते. त्यांना काही कळायच्या आत झेंडूचे हार पडले. तो बिचारा ओरडून सांगत होता, "अहो, आम्ही पिंपरीचे आहोत!" आक्काबाई त्याचा हात धरून म्हणाली, "असू द्या, लांबनं आलाय. जेवून घ्या."

ते दोघं जेवत होते तेव्हा पोलीस आले. रेडिओ तेही ऐकतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. परदेशी माणूस मुक्कामाला ठेवला तर चोवीस तासांत कळवावं लागतं, आणि आम्ही एकदम त्रेचाळीस ठेवून बसलेलो. हवालदारांनी गिरणी बघितली, माझं घर बघितलं, विहारामागची खोली बघितली, पिंपरीच्या पाहुण्यांचं आधारकार्ड बघितलं. शेवटी मी त्रेचाळीस पोस्टकार्डं त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी मोजली आणि पंचनामा लिहायला बसले. त्यातलं एक वाक्य मी पाठ केलंय, कारण तुझ्याशिवाय त्याची गोडी कुणाला कळणार? "सदर ठिकाणी त्रेचाळीस विदेशी नागरिक आढळून आले नाहीत, मात्र त्रेचाळीस इसमांपुरते जेवण आढळून आले." खाली पाच पंचांच्या सह्या आहेत. मग ते दोघे हवालदारही जेवले. कमी तिखटाचा रस्सा त्यांनीही टाळला.

अमृतानं हे सगळं जसंच्या तसं त्या संघटनेला कळवलं. तिथं त्याचा मथळा झाला, सामूहिक भोजनावर पोलिसांची धाड. त्यानंतर पोस्टकार्डं नाहीत, ईमेल सुरू झाले, आम्हाला नव्हे, समितीला. साडेतीन हजार ईमेल. कचेरीतला कॉम्प्युटर दोनदा बसला असं ऐकलं. तेरा नोव्हेंबरला आम्ही पहिल्या सुनावणीला गेलो तेव्हा तिथला कारकून आमच्याकडे असा बघत होता, जणू आम्हीच एकेक टाईप केला होता.

आता नीट वाच. समितीचे साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांनी पंचनामा वाचला, तोंडावर रुमाल धरला, पाणी प्यायले. मग म्हणाले की पाण्याच्या कार्यक्रमाचं आपण बघू. इतक्या देशांतून विचारणा होत असताना एका आजीच्या प्रश्नावरून रेडिओ बंद केला, असं कुणालाही आपल्या नावावर नको आहे. अमृतानं टेबलाखाली माझा हात दाबला. निवृत्ती, त्या क्षणी मला त्या साडेतीन हजार लोकांना खरंच मांडवात बसवून जेवू घालावंसं वाटलं. पण साहेबांचं बोलणं संपलं नव्हतं. ते म्हणाले, दुसऱ्या मुद्द्याचं तसं नाही.

दुसरा मुद्दा असा की रेडिओवरून एका गावकऱ्याच्या घरची खाजगी गोष्ट त्याला न विचारता सांगितली, तिची थट्टा केली आणि त्यापायी त्याच्या घरात कायमची दुही माजली. गावातल्याच माणसाची लेखी तक्रार. साहेब म्हणाले, जगातून कितीही ईमेल आले तरी याला उत्तर होत नाही, कारण इथं एका माणसाचं खरोखर नुकसान झालंय. पाच डिसेंबरला तक्रारदाराला बोलावलंय. तो आला आणि तक्रारीवर ठाम राहिला तर परवाना ठेवणं माझ्याही हातात नाही. आणि त्यांनी तक्रार वाचायला आमच्याकडे सरकवली. तक्रारदाराच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवली होती.

अमृता पर्समध्ये चष्मा शोधत होती. मी कागद ओढून घेतला आणि बघितलं. टाचणी नाही, स्टेपल नाही. तिन्ही पानं डाव्या कोपऱ्यात जाड पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेली, वर दुहेरी गाठ. मावळातल्या पावसात टाचणी गंजते आणि कागद खाते, म्हणून कागद दोऱ्यानंच शिवायचा, हे सबंध तालुक्यात आता एकच माणूस पाळतो. मी कागद मिटला, साहेबांना परत दिला आणि वाचला म्हणून सांगितलं. बाहेर आल्यावर अमृतानं विचारलं, कोण असेल? मी म्हटलं, कळलं नाही. गावात सगळे त्या तक्रारदाराला शोधतायत. आक्काबाई तर म्हणते, "घावू दे, त्याच्या दारात जाऊन विचारते." मी कुणाला बोललो नाही आणि बोलणार नाही. बायकोलाही नाही, आणि तू म्हणशील ते शक्यच नाही, पण खरं आहे.

राग म्हणशील तर परतीच्या लोकलमध्ये असा आला की उतरायचं वडगाव की मळवली, याचं भान राहिलं नाही. ज्यानं आपल्या हातानं परवान्याचा अर्ज लिहिला त्यानंच? बंगलेवाले मे महिन्यापासून काठी शोधत होते, ती ह्यानं नेऊन हातात द्यावी? वडगावला उतरलो आणि तुझ्या लेकीच्या, तेजलच्या घरी गेलो. तिच्यापुढे तुझा उद्धार करायचा, असं ठरवूनच गेलो होतो. तिनं मला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, काका, जूनमध्ये त्या दिवशी तुम्ही बाबांबद्दल रेडिओवर काय बोलला होतात, आठवतं का?

मला आठवत नव्हतं. तिला शब्दन्‌शब्द पाठ होतं. "निवृत्तीभाऊंकडं आज तीन पाहुणे, मोजणीवाले, टेप आणि खुंट्या घेऊन आलेत. काय भाऊ, जमीन विकायला काढायची ठरवलीत का? बंगला बांधून हौदात पवणार वाटतं!" असं म्हणून मी हसलो होतो. गावही हसलं होतं. तेजलनं सांगितलं की मोजणी तिच्यासाठी होती. अर्धी जमीन तू तिच्या नावावर करणार होतास, गाजावाजा न करता. कागद झाले की श्रीयशला बसवून समजावणार होतास, कारण तो ऐकणारा आहे, फक्त त्याला घरातल्या माणसानं आधी सांगावं लागतं. त्याला ते सकाळी आठ वाजता माझ्या तोंडून कळलं. संध्याकाळी तो आला, जे व्हायचं ते झालं. तेव्हापासून भाऊ-बहीण बोलत नाहीत. या दिवाळीत भाऊबीज झाली नाही. आणि तू तब्येतीच्या नावाखाली तळेगावात बसला आहेस तो या भांडणापायी, हे आम्हाला गावात कुणालाच माहीत नव्हतं. आम्हाला वाटलं, निवृत्तीला फ्लॅट मानवला.

आणि आदल्या संध्याकाळी स्टेशनच्या बाकावर तू मला म्हणाला होतास, "गंगा, उद्या माणसं येणार हायेत, बोभाटा करू नको." तेवढंच. मी हो म्हटलं होतं. त्या दिवशी पाहुण्यांची यादी दोनच नावांची होती रे. कार्यक्रम आठ मिनिटांत संपला असता. म्हणून मी तुला घातलं. याच्यापेक्षा मोठं कारण मी गेले नऊ दिवस शोधतोय, सापडत नाही. लोक मला मुस्कटदाबी झालेला माणूस म्हणून पोस्टकार्डं पाठवतात आणि माझा तोंड बांधलेला फोटो माझ्याकडे बघत असतो. सरकारनं आक्काबाईचं तोंड दाबू नये, हे खरंच आहे. पण त्या दिवशी माझं कुणीतरी दाबायला हवं होतं. मला फार लाज वाटली, निवृत्ती. अजून वाटते.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. पहिल्या तिन्ही वेळा त्यात, तक्रार मागे घे, असं होतं. अमृताची सात वर्षं होती, आक्काबाईचा प्रश्न होता, त्या बेटावरचा म्हातारा होता, सगळे मी तुझ्यासमोर रांगेत उभे केले होते. ते काढून टाकलं. तुझी तक्रार खरी आहे, ती मागे घे असं मी सांगणार नाही. पाच तारखेला ये, साहेबांसमोर काय झालं ते सांग, मीही उभा राहून, हो, हे मी केलं, असं सांगेन. शिक्षा मला होईल की रेडिओला, ते साहेब ठरवतील. पाण्याच्या कार्यक्रमाबद्दल तुला काय वाटतं तेही तिथं सांगावंसं वाटलं तर सांग, नाही वाटलं तर राहू दे.

हे पत्र लिहायचं कारण त्याहून लहान आहे. तीस तारखेच्या रविवारी, सकाळी आठला, मला रेडिओवर माफी मागायची आहे. नाव न घेता मागितली तर गाव तर्क लढवेल आणि नेमका चुकीचा माणूस पकडेल. नाव घेऊन मागितली, तर तक्रारीबद्दल मी चकार शब्द काढला नाही तरी काहींना अंदाज येईलच. त्याचा त्रास माझ्यापेक्षा तुला होणार, म्हणून ठरवायचं तू. मागल्या वेळी तुझं नाव मी तुला न विचारता घेतलं. या वेळी विचारतोय, घेऊ का? सोबत माझा पत्ता लिहिलेलं कार्ड ठेवलंय, त्यावर 'हो' किंवा 'नको' एवढंच लिही. 'नको' म्हणालास तर मी तळेगावला येईन, आणि दार लावून घेऊन फक्त तुझ्यापुढे मागेन.

तुझाच,
गंगा